चौथ्या भागाआधीची टाळी

ती. मामांस,

नमस्कार (रागातला असला तरी वाकून केलेला आहे). तुमचा गुडघा कसा आहे? मामीने आणलेला लेप खरंच लावता, की नुसतं "लावतो" म्हणता? माझी तब्येत उत्तम आहे. फक्त परवापासून जेवण जात नाही, झोप लागत नाही आणि फोन वाजला की तो भिंतीवर आपटावासा वाटतो. पत्र लिहितेय ते एवढ्यासाठी, की फोनवर तुम्ही मला मध्येच तोडता आणि आज मला पूर्ण बोलायचंय.

माझी सिम्फनी चार भागांची आहे. चार. कार्यक्रमपत्रिकेत तसं ठळक छापलं होतं (तुम्ही तिने वारा घेत होतात असं कळलं). या सिम्फनीसाठी मी हाडाची काडं केली. आई अजून विचारते, तू नेमकं वाजवतेस काय? मी वाजवत नाही, मी लिहिते, आणि मग वादकांसमोर उभी राहून ते वाजवून घेते, असं सांगितलं की म्हणते, "म्हणजे नुसते हात हलवतेस." तेही मी गिळलं. म्हटलं, एकदा सगळे येऊन ऐकतील तेव्हा कळेल.

तर तिसऱ्या भागाच्या शेवटी मी शांतता लिहिली आहे. हो, शांतताही लिहावी लागते. सगळी वाद्यं थांबतात, माझे हात हवेत राहतात, आणि लोकांना स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला की चौथा भाग अगदी हळू सुरू होतो. परवा माझे हात असेच हवेत होते, वादक माझ्याकडे बघत होते, आणि तिसऱ्या रांगेतून टाळी आली. सणसणीत. मागे वळायची गरजच नव्हती. जन्मभर शाळेच्या मैदानावर पोरांना रांगेत उभं करणाऱ्या व्यायामशिक्षकाची, म्हणजे तुमची, टाळी मी झोपेतही ओळखेन. अख्खं सभागृह उभं राहिलं. बिशाद होती कोणाची बसून राहायची? दिवेवाल्याने दिवे लावले. मी हात खाली घेईना, तर मी भारावलेय असं समजून टाळ्या आणखी वाढल्या. आमच्या ट्रम्पेटवाल्याला काम होतं ते फक्त चौथ्या भागात. तो संध्याकाळभर ट्रम्पेट मांडीवर घेऊन बसला, एक फुंकर न मारता घरी गेला, आणि जाताना मला "छान झालं" म्हणाला.

आणि वर तुम्ही रंगमंचामागे येऊन माझ्या पाठीवर थाप मारलीत. "शेवट झकास केलास पोरी, उगाच लांबवलं नाहीस." मामा, तुमच्यापुढे तोंड उघडायची माझी प्राज्ञा नाही, पण तुम्ही माझं वाटोळं केलंत. आज पेपरात समीक्षकाने लिहिलंय की कुठे थांबावं हे कळणारी संगीतकार या पिढीत अखेर निघाली. ते वाचून आईने पहिल्यांदाच माझं कौतुक केलं. जखमेवर मीठ चोळणं म्हणजे काय, ते मला कळलं.

मामीला नमस्कार. गुडघ्याची काळजी घ्या, हातांची घेतली नाहीत तरी चालेल.

तुमची भाची

ता.क. समीक्षा वाचून दुसऱ्या एका ऑर्केस्ट्राचं बोलावणं आलंय. तिकडच्या लोकांना सिम्फनी आवडली तर मला कायमची कंडक्टर करणार म्हणतात. अट एकच, शेवट तोच हवा. मी बाणेदार नकार लिहिलाय, फक्त तो अजून टेबलावरच आहे. तेव्हा पुढच्या महिन्यात तुम्ही यायचं. तिसऱ्या रांगेतली खुर्ची धरून ठेवलीय. तिथले लोक जरा थंड असतात म्हणे, तेव्हा टाळी मैदानावरची मारा.

आणखी एक. आदल्या दिवशीच या. दुपारी तालमीत, रिकाम्या सभागृहात, मी चौथा भाग वाजवून घेणार आहे. आमचा ट्रम्पेटवालाही हट्टाने येतोय. दाढी करताना तुम्ही जी शीळ घालता, आणि जी मी लहानपणी दाराबाहेर बसून ऐकायचे, तीच त्याला वाजवायची आहे. ती तुम्हाला ऐकवायची म्हणून तर ही सगळी उठाठेव होती. तिथे मात्र मी मागे वळून बघेपर्यंत दोन्ही हात खिशात ठेवा.