म्हैस आली

उरण, ८ डिसेंबर १९६३

शाळेत आलेल्या मासिकातलं ते वाक्य डोक्यातून जातच नाही. मेंदूतल्या दोन पेशी पुन्हापुन्हा एकाच वेळी जाग्या झाल्या, की त्यांच्यातला दुवा घट्ट होतो. आठवण बहुधा अशीच टिकते म्हणे. म्हणजे पायवाटच की! मग बोललंच नाही, तर ती वाट बुजते?

छबीला जाऊन दोन वर्षं होतील. लेकीचं नाव घरात काढायचं नाही, हे मी आणि कमलने न बोलताच ठरवून टाकलं. मोरा बंदरात लाँचचा भोंगा वाजला की छबी ओरडायची, "बाबा, म्हैस आली!"

आज संध्याकाळी भोंगा वाजला. कमल तांदूळ निवडत होती. मी कसाबसा म्हणालो, "म्हैस आली."

तिचा हात थांबला. वाटलं, आता रडणार.

"मी रोज मनात म्हणते," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही विसरलात."

विसरतोय कसला! मीही रोज म्हणतो. केवढं अजब आहे हे. एवढ्याशा पोरीने दोन डोक्यांत एकच वाट पाडून ठेवली, आणि आम्ही दोघं त्या वाटेवरून रोज एकेकटे चालत होतो.