तिसरा रकाना

प्रिय ठकू,

तुझा कालचा कागद मिळाला. फोनवर फोटो मोठा करून दोनदा वाचला. अक्षर अजून शाळेतल्यासारखंच टपोरं आहे तुझं. पहिला रकाना, काय घडलं: आईने मी बनवलेली कवळी काढून बशीत आपटली आणि म्हणाली, "तुझ्या हातचं काही मला बसतच नाही." दुसरा, मनात काय आलं: आईला मी नको आहे. तिसरा, पुरावा: नाही. चौथा, मग खरं काय: ती थकली आहे, हिरड्या दुखत असतील. खाली तू एक हसरा चेहराही काढला आहेस. आई तुझ्याकडे राहायला आली त्याला चौदा महिने झाले, रोज संध्याकाळी तू मला असा एक कागद पाठवतेस आणि मी त्यावर 'छान'चा अंगठा पाठवून मोकळा होतो. ठकू, आता एकही कागद भरू नकोस. एवढं सांगायला फोन पुरला असता, असं तू म्हणशील. पण फोनवर मी तुला बोलण्यात गुंडाळलं असतं. ते मला जमतं, त्यावरच तर पोट चालतं माझं.

तुला आठवतं ना, सहा वर्षांपूर्वी मी नोकरी सोडून हे समुपदेशनाचं शिकायला लागलो, तेव्हा सरावाला कोणी गिऱ्हाईकच मिळेना. तू म्हणालीस, "मी आहे की घरची, माझ्यावर हात साफ कर." लॅबमधून थेट आली होतीस, नखांत दातांच्या साच्याचं पांढरं तसंच होतं. जेवणाच्या टेबलावर मी चार रकाने आखून दिले आणि दुसऱ्या रकान्यात तू क्षणाचाही विचार न करता लिहिलंस, आईला मी कधीच नको होते. मग मी पुरावे मागितले आणि तू ते भराभरा सांगितलेस. शाळेतून मला आणायला आई यायची, तुला बालवाडीतून शेजारीण आणायची. तुझा ताप आईला कधी कळायचाच नाही. आणि सगळ्यांत मोठा, चौथ्या वर्षी तुला मावशीकडे ठेवलं ते थेट नवव्या वर्षी परत आणलं. मी एकेक पुरावा उडवून लावला. मावशीच्या वेळी तर मी फार शांतपणे म्हणालो, अगं, आईची पाठ धरली होती, ती अंथरुणाला खिळली होती, दोन मुलं कशी झेपणार तिला?  तू रडता रडता हसलीस आणि म्हणालीस, "म्हणजे पुरावेसाहेब, मी पस्तीस वर्षं उगाचच झुरले म्हणायची!" तेव्हापासून मी तुझा पुरावेसाहेब झालो.

त्या दिवसाने माझं बस्तान बसवलं. प्रत्येक शिबिरात मी तुझी गोष्ट सांगतो, नाव न घेता, एक दातांच्या तंत्रज्ञ बाई म्हणून. आई पडल्यावर त्याच बाईंनी हातातलं काम सोडून तिला आपल्या घरी नेलं, इथे आलो की लोकांचे डोळे भरून येतात. टाळ्या मी घेतो आणि शिव्या तू खातेस, हे मी तिथे सांगत नाही.

आमच्या प्रशिक्षक बाई एक गोष्ट घोकून घ्यायच्या. समजूत खोटी ठरवायची घाई करायची नाही. आधी विचारायचं, समजा हे खरंच असलं, तर? तरीही तुमचं आयुष्य तुमचंच राहतं की नाही? सगळ्या कामाचं मर्म तेवढंच आहे, बाकी रकाने म्हणजे आखलेला कागद. मी प्रत्येकाला हा प्रश्न विचारतो. तुला एकटीला विचारला नाही. विसरलो म्हणावं तर तसंही नाही.

गेल्या मंगळवारी बस डेपोतले एक नियंत्रक आले होते. साठीचे गृहस्थ, नीट इस्त्री केलेला गणवेश. म्हणाले, "माझ्या मुलाला मी आवडत नाही." मी सवयीने पुरावा विचारला. त्यांनी फोन काढून मुलाचा आवाज ऐकवला. शांत, सभ्य आवाज होता: "बाबा, मला तुम्ही आवडत नाही. फोन करत जाऊ नका." फोन खिशात ठेवून ते माझ्याकडे बघत बसले. आता तो प्रश्न विचारायची वेळ होती, पण माझं तोंड उघडेना. मला समोर तू दिसायला लागलीस. डोकं दुखतंय असं सांगून मी त्यांना परत पाठवलं. ते जाताना "काळजी घ्या" म्हणाले, मला! त्यानंतर मी कोणालाच बोलावलेलं नाही. सकाळी खोली उघडतो, दोन खुर्च्या समोरासमोर दिसतात, बंद करतो. कोणत्या तोंडाने कोणाला काय समजावू? मी आजवर खरंच कोणाला उभं केलं की सगळ्यांना नुसतं गप्प बसवलं, हेही मला आता सांगता येत नाही. 

ठकू, आईची पाठ कधीच धरली नव्हती. तू मावशीकडे गेल्यावर ती घरात गुणगुणायची, मी ते ऐकलंय. पहिल्या सुट्टीत बाबा तुला आणायला निघाले, बूट घालून दारात उभे होते. आई म्हणाली, "राहू दे तिला तिकडेच. आता कुठे मोकळा श्वास येतोय. आपण तिघंच बरे."  बाबांनी माझ्याकडे बघून विचारलं, "काय रे, आणू ना तिला?" मी दहा वर्षांचा होतो, सगळं कळत होतं. आई पहिल्यांदाच पूर्ण माझी झाली होती. मी म्हणालो, तिघंच बरे. बाबांनी बूट काढले. पुढे पाच वर्षं तो विषय निघाला नाही. तुझं म्हणणं खरं होतं, पहिल्यापासून खरं होतं, आणि ते खोटं ठरवण्यात तुझ्यापेक्षा माझीच गरज जास्त होती. शनिवारी दुपारी मी आईला न्यायला येतोय. समुपदेशनाची खोली रिकामी करून तिथे तिचा पलंग लावला आहे. माझं तोंड बघायचं नसेल, तर तिला शेजारच्या काकूंकडे बसव आणि आपलं दार लावून घे. मी बेल वाजवणार नाही.

तुझाच,
दादा