शर्टाला सात बटणं लागतात

प्रिय ताईस,

तुला नमस्कार, आणि भाऊजींना सांग, त्यांच्या गुडघ्याची मी मुद्दाम चौकशी केली आहे. माझ्या गुडघ्यांचं विचारू नकोस. दुकानातल्या शिडीवर चढताना ते दोघं आपापसांत काय बोलतात ते मला स्पष्ट ऐकू येतं. आमचे हे मात्र ठणठणीत आहेत, आणि तेच माझं खरं दुखणं आहे.

दुकान आवरत आलं का, असं तू विचारलंस. अगं, आवरायला घेतलं तेव्हा होतं त्याहून जास्त भरलंय! महिनाअखेर सगळं रिकामं करून किल्ल्या जागा घेणाऱ्या चष्मेवाल्याच्या हातात द्यायच्या, असं ठरलंय. म्हणून ह्यांनी मोठ्या अक्षरांत पाटी लावली, ‘दुकान कायमचे बंद होत आहे’. झालं! ज्यांनी कैक वर्षांत साधी सुई नेली नव्हती ते धावत भेटायला येऊ लागले. एक बाई तर काउंटरवर डोकं टेकून रडल्या. मी पाणी दिलं, ते प्यायल्या, आणि पिशवी आणली नाही म्हणून काही न घेताच गेल्या. (बटणं न्यायला पिशवी!)

मी म्हटलं, उरलेला माल मिळेल त्या भावात काढून टाकू. पण उरलेला माल म्हणजे काय, तर प्रत्येक डब्याच्या तळाशी चार-चार बटणं. शर्टाला लागतात सात. चार बटणं गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवणं म्हणजे शुद्ध फसवणूक, असं ह्यांचं म्हणणं. (बाकीच्या शर्टानं काय करायचं, हा ह्यांचा सवाल.) तेव्हा त्या चारांना जोड हवी, आणि कारखान्यातून सुटी बटणं येत नाहीत, अख्खा डबा येतो. म्हणजे उरलेली बटणं खपवायला ह्यांनी नवे डबे मागवले! त्यातून सात-सात करून विकली, तर खाली पुन्हा कुठे तीन उरली, कुठे पाच. पुन्हा मागवले. मी कपाळावर हात मारून घेतला. चेनचं तर बोलायलाच नको, चेन आली की तिच्या रंगाचा दोरा आलाच.

परवा चष्मेवाला स्वतः आला, जरा कडक बोलायचं ठरवूनच. भिंत मोजायला टेप काढली आणि म्हणाला, काका, हे सगळं हलणार कधी? ह्यांनी नुसतं त्याच्या कोटाकडे बघितलं. बाहीवरचं एक बटण वेगळं होतं. बिचारा बाहीची सगळी बटणं बदलून, वर बायकोसाठी लेस घेऊन गेला. (भिंत मोजायची राहिली ती राहिलीच.) मी त्याच्यामागे रस्त्यावर धावले आणि सांगितलं, बाबा रे, पुढच्या वेळी कोट घालून येऊ नकोस.

मी थकले गं. सगळा जन्म उभ्यानं गेला. आता पाय वर घेऊन बसायचंय, आणि ‘जरा तो वरचा डबा दाखवा’ म्हणणारं कुणी नकोय. यापुढे एक जरी डबा आला तरी मी ताईकडे निघून जाईन, असं ह्यांना निक्षून सांगितलं. म्हणाले, जा, पण ताईंना काळा दोरा लागतोय का ते विचार.

आज सकाळी मात्र टेम्पो आला तेव्हा ह्यांनी सगळे डबे न उघडता परत पाठवले. मी जिंकले म्हणायचं. दिवसभर बरं वाटायला हवं होतं.

तुझी,
धाकटी

ता. क. भाऊजींसाठी सोबत चार बटणं पाठवते आहे. का, ते विचारू नकोस.

आणखी एक ता. क. खरं तर पत्र यासाठीच लिहायला घेतलं होतं. इतकी वर्षं आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे राहिलो, समोर कायम गिऱ्हाईक. गेल्या रविवारी सवय व्हावी म्हणून दुकान बंद ठेवलं आणि टेबलाशी समोरासमोर जेवायला बसलो. बराच वेळ कुणी बोलेना. मग ह्यांनी भाजीचं भांडं माझ्यापुढे सरकवलं आणि अगदी अदबीनं विचारलं, “आणखी काय दाखवू?” मला हसू आलं नाही, ताई. भीती वाटली. किल्ल्या देऊन आम्ही घरी येऊ तेव्हा तू घरात हवीस. आठवडाभर तरी राहा. समोर कुणीतरी असलं की आम्हाला बोलता येतं.