राहणार कुठली, ते शेवटी लिहावे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पूर्वी कवळ्या बनवण्याचा, सध्या काही नाही, राहणार (ही जागा तूर्त कोरी ठेवावी, शेवटी बघू), आज हे मृत्युपत्र राजीखुशीने करून ठेवते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मन शाबूत आहे. त्यात गोंधळ आहे, पण गोंधळ म्हणजे वेड नव्हे, असा दाखला आमच्या डॉक्टरांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. मी सांगते आणि माझी धाकटी जाऊ लिहून घेते. तिचे अक्षर चांगले आहे.

(जाऊबाईंचंही चांगलं आहे. मग मी कशाला, विचारलं तर हात दुखतो म्हणाल्या. — लिहून घेणारी)

मी थांबले तरी पेन चालू असल्याचे ऐकू येते. धाकटीने पदरचे काही घालू नये.

कलम १. माझ्या नावावर घरे दोन. एक हे, स्टेशनजवळचे, तिसऱ्या मजल्यावर. दोघी भावाभावांना दिलेल्या, आणि दोघे भाऊ गेल्यावर आम्ही दोघी इथेच राहिलो. दुसरे समुद्राकाठच्या खेड्यात, दोन खोल्या आणि व्हरांडा, यजमानांनी निवृत्तीच्या पैशांतून घेतलेले. माझ्या पश्चात जे काही उरेल ते सगळे धाकटीचे. इथवर सोपे आहे. घोळ आहे तो माझ्या हयातीतला. माझ्या भाच्याचे म्हणणे, बंद घराची वाट लागते, दोन्हींतले एक काढून टाका. त्याने हे घर घ्यायला एक दंतवैद्य शोधून आणला आहे. तो येत्या शुक्रवारी आमचे हो की नाही ते ऐकायला येणार आहे.

कलम २. आता राहायचे कुठे, हे ठरवण्यासाठी पार्श्वभूमी सांगते. हे गाव सकाळी रिकामे होते. कमावती माणसे मोठ्या शहरात कामाला जातात आणि दिवेलागणीनंतर जिन्यावर पुन्हा पावले वाजू लागतात. कोण दमून आले, कोण भांडून आले, मला दाराआडून कळते. धाकटीचे दुकान पुलाच्या जिन्याखाली आहे. उसवलेली शिवण, बिघडलेली चेन, तुटलेला हूक. गिऱ्हाईक पडद्याआड उभे, त्याची पँट हिच्या मशीनवर आणि बाहेर कचेरीची बस हॉर्न वाजवते आहे, असा रोजचा खेळ. तिचा त्यातच जीव आहे, असे मला वाटत असे.

समुद्राचे तुणतुणे मात्र चाळीस वर्षे मीच वाजवले. दिवसभर प्लास्टरच्या धुळीत बसायचे आणि म्हणायचे, एकदा सुटले की समुद्राकाठी जाऊन बसेन, कोणी दात दाखवायला आले तर तोंड फिरवीन. म्हणून मागच्या महिन्यात आम्ही दोघी तिथे राहून बघायला गेलो. धाकटी जाताना म्हणाली, "तिथं मी काय करू? माशांना झालर लावू?"

पण तिथे विपरीतच घडले. ही बाई चहा पिताना एरवी तोंडातून अवाक्षर काढत नाही. तिथे रोज सकाळी व्हरांड्यात माझ्याशेजारी बसून तिची टकळी सुरू. "आज पाणी मातकट आहे, जाऊबाई. दोन होड्या निघाल्या. मागचीच्या शिडाला ठिगळ आहे, तेही आडव्या टाक्याचं, शी! तो बगळा बघा, अजून एका पायावर." मी मनात म्हटले, झाले, हिला समुद्राने पुरते खिशात घातले. आणि माझे म्हणाल तर तिथे मला करमेना. का, ते सांगता येईना. जिथे जायला जन्मभर हट्ट केला तिथे जाऊन परतीची बस कधी म्हणून विचारायचे, कोणत्या तोंडाने? तेव्हा असे ठरवते की हे घर दंतवैद्याला द्यावे आणि धाकटीच्या आवडीसाठी आम्ही दोघींनी समुद्राकाठी राहावे.

(माझ्या आवडीसाठी?)

कलम ३. प्रेशर कुकर. खालच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई तो 'एका दिवसासाठी' घेऊन गेल्या आणि तो शिट्टीविना परत आला. विचारले तर म्हणाल्या, शिट्टी नव्हतीच. माझ्यामागे कुकर त्यांना द्यावा. शिट्टी त्यांच्याकडे आहेच.

कलम ४. मेण कोरायच्या सुऱ्या, घासण्या व चिमटे मी जिथे काम केले तिथल्या कारागीर मुलीला द्यावेत. तिचा हात जड आहे, पण सुधारेल. यजमानांच्या कवळीचा प्लास्टरचा साचा कपाटात आहे. धाकटीला त्याची भीती वाटते, तरी टाकून देऊ नये. मी तो अजून अधूनमधून हातात घेते. खालचा उजवा सुळा किंचित वाकडा होता, तो बोटाला लगेच लागतो.

कलम ५. वर कलम दोनमध्ये 'का, ते सांगता येईना' असे लिहवले, ते खरे नाही. मृत्युपत्रात खोटे असू नये म्हणून सांगते. मला तिथे समुद्र दिसला नाही. समोर राखी रंगाचे काहीतरी होते, त्यात आभाळ कुठले आणि पाणी कुठले ते कळेना. वर्षभर नजर उतरते आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी हात टेकले. इथे जिना पाठ आहे, ओट्यावरचे डबे पाठ आहेत, निभावून नेते. तिथे मी आंधळी आहे आणि मला फार भीती वाटली. ही गोष्ट धाकटीला माझ्या पश्चातच कळावी, अशी माझी इच्छा...

पण लिहून तीच घेते आहे. हे माझ्या आत्ता ध्यानात आले.

(पेन खाली ठेवलं होतं. आता लिहिते. जाऊबाई, मला माहीत होतं. पहिल्याच संध्याकाळी तुम्ही कुंपणाकडे तोंड करून म्हणालात, "काय सुंदर दिसतोय गं समुद्र!" समुद्र पाठीमागे होता. ओहोटी होती, आवाजसुद्धा नव्हता. मी आत जाऊन रडले आणि दुसऱ्या दिवसापासून दिसेल ते सांगायला लागले. मला तिथलं काही आवडलं-बिवडलं नाही. मशीनमध्ये वाळू जाते. तुमची हौस म्हणून दुकान बंद करायला निघाले होते.)

कलम ६. वरचा कंस तिने मला वाचून दाखवला. त्यावर मी तिला गाढव म्हटले, ते नोंदवावे. तीही मला काहीतरी म्हणाली, ते नोंदवू नये. कलम दोन रद्द समजावे. दंतवैद्याला नाही म्हणून कळवावे. चहा मात्र द्यावा.

कलम ७. रद्द केल्यावरही घोळ मिटला नाही. धाकटी म्हणते, "चाळीस वर्षांची हौस अशी सोडायची? मी सांगीन की रोज. आता सवय झालीय मला." मी म्हटले, "आणि तुझं दुकान?" पेनाचे टोपण लावल्या-काढल्याचा आवाज आला. मी म्हटले, "त्या होडीचं ठिगळ तुला आठवतं ना अजून?" तर म्हणाली, "डोक्यातून जातच नाही मेलं, उसवून पुन्हा घालावंसं वाटतं." म्हणजे आता तिला जायचे आहे की नाही, आणि मला नाही जायचे की जायचे, हे आज सांगता येत नाही. खेड्यातले घर विकू नये. त्याची वाट लागायची तर लागो.

कलम ८. पहिल्या ओळीतली कोरी जागा आता भरावी. 'राहणार, धाकट्या जावेजवळ' असे लिहावे. साक्षीला आलेले आमचे डॉक्टर म्हणतात, असा पत्ता चालत नाही. न चालला तर त्यांनी दुसरा सांगावा, मला माहीत नाही.

हे सर्व मला शब्दन्‌शब्द वाचून दाखवले, ते मला समजले व मान्य आहे. धाकटीने ओळीवर बोट ठेवले, तिथेच सही केली आहे.

सही : थोरली जाऊ

साक्षीदार :
१. आमचे डॉक्टर
२. तळमजल्यावरचा इस्त्रीवाला

(शेजारीणबाई साक्षीला वर आल्या होत्या. कुकर मिळणाऱ्याला साक्षीदार होता येत नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या कुकर सोडायला तयार नाहीत.)

ठिकाण : तिसरा मजला, खिडकीजवळ
दिनांक : ११ फेब्रुवारी २०२६, बुधवार

(सगळे गेले. जाऊबाई विचारतात, खिडकीतून काय दिसतं. समोरच्या गच्चीवर निळी चादर वाळते आहे, तिचा एक चिमटा सुटला आहे. पुढचं सांगायचंय म्हणून इथे थांबते.)