बारावी जोडी

१४ जानेवारी

आणखी दीड हात जमीन गेली! कुंपणाचा कोपऱ्यातला खांब सकाळी खाली वाळूत आडवा. समुद्र आता स्वयंपाकघरापासून नऊ पावलांवर. नगरपालिकेला एकदाची जाग आली — घर जागेवरून हलवून, बैलांनी ओढत वरच्या माळावर न्यायचं. आख्खं. आईचं घर आहे, लाकडी खवल्यांचं. मोडून परत बांधलं तर ते तिचं राहणार नाही. कामावर लक्ष ठेवायला सान्तियागोहून इंजिनियर पाठवतायत. बैलांना पदवीधर हवा असतो हे माहीत नव्हतं.

१९ जानेवारी

इंजिनियर आला. रेनातो नाव. बूट इतके नवे की चिखलच बिचकला. भिंतीवर पाच रंगांची पट्टी चिकटवली — सुरुवात, नियोजन, अंमलबजावणी, देखरेख, समारोप.

"नोएमीबाई, जगातलं कुठलंही काम या पाच टप्प्यांतून जातं."

"बाळंतपणसुद्धा?"

"तेसुद्धा!"

लग्न झालेलं नाही, हे न विचारता कळलं. शनिवारी रेडिओवर मी लोकांच्या नकला करते, त्या दहा मिनिटांची सोय झाली.

२६ जानेवारी

नियोजन. घराचं वजन काढलं, चढ मोजला. बारा बैलजोड्या लागणार. बैल कुणाकुणाकडे आहेत? मी अकरा नावं सांगितली.

"आणि बारावी?"

"मिळेल कुठेतरी."

कुठेतरी! खाडीपलीकडच्या पिवळ्या घरात. एदिताकडे. माझी सख्खी थोरली बहीण, आणि बेटावरची सगळ्यात दांडगी जोडी तिची. ओहोटीला चालत गेलं तर पाऊण तास. अकरा वर्षं मी तो पाऊण तास चाललेले नाही. तिची चूल पेटली की धूर इथून दिसतो. आज उशिरा निघाला. बरी असेल ना?

३ फेब्रुवारी

इथे तरी खरं लिहावं.

आई गेली त्या महिन्यात मी रेडिओवर एक सोंग केलं — मयताची मेणबत्ती विझायच्या आत घरातले चमचे मोजायला बसलेली बाई. नाव घेतलं नाही. एवढ्याशा बेटावर नाव घ्यावं लागतं का? लोक आठवडाभर हसत होते. एदिता दुकानात शिरली की कुणीतरी कपावर चमचा वाजवायचं. माझा सगळ्यात गाजलेला कार्यक्रम. अजून लोक आठवण काढतात — "नोएमी, ते चमच्यांचं काय बहारदार होतं!"

ती चमचे मोजत होती, कारण मयताच्या जेवणाला ते शेजाऱ्यांकडून आणले होते. ज्याचे त्याला परत करायचे होते. हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं.

रेडिओवर सांगितलं नाही. तिलाही नाही.

१० फेब्रुवारी

रेनातोने सगळ्यांच्या फोनवर निमंत्रण धाडलं. तारीख, वेळ, "कृपया स्वतःचे दोर आणावेत." खाली हसरा बैल. मी बघत होते. बोलले नाही. सवय वाईट — फजिती दिसू लागली की मला आधी शनिवार आठवतो.

१६ फेब्रुवारी

मिंगाचा, म्हणजे सगळ्यांनी मिळून घर ओढायचा दिवस. बैल — शून्य. माणसं — चार, तीही बघे.

रेनातोचा चेहरा बघवेना. म्हातारा गुएन्तेओ कुंपणावर रेलून सफरचंद खात होता. दहा-बारा वर्षांचे त्याचे बैल मागे रानात आरामात चरत होते.

"काका, निरोप मिळाला ना तुम्हाला?"

"मिळाला की."

"मग?"

"पोरा, निरोप वादळाचा देतात. माणसाला दारात जाऊन विनवतात." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "त्याला नाही माहीत, ठीक. तुला काय झालं होतं गं?"

मला माहीत होतं. ज्याचं घर त्यानेच जायचं, एकेका दारात, डोक्यावरचं काढून. विनवलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. आणि एक घर सोडून बाकीच्यांना विनवता येत नाही. म्हणून बसले होते गप्प. फोनने परस्पर भागलं असतं तर मला हवंच होतं!

२२ फेब्रुवारी

सात घरं झाली. रेनातो मागोमाग वही घेऊन. प्रत्येकाने आधी बसवलं, खायला घातलं, गुरांची चौकशी झाली, मग विनवणी. "एका घराला दोन तास!" — रेनातो. त्याच्या पट्टीवरचं नियोजन आता अंमलबजावणीच्या डोक्यावर बसलंय. माझ्या जिभेने आयुष्यभर लोकांना टोचलं. "याल का हो" म्हणायला तिला किती कष्ट पडतात! एकानेही चमच्यांचं काढलं नाही. त्याचंच जास्त लागलं.

१ मार्च

अकरा जोड्या पक्क्या.

समुद्र सात पावलांवर.

४ मार्च

गेले. एकटी. रेनातोला म्हटलं, वही आज घरी राहू दे.

एदिताचे केस पांढरे झालेत. खाडीपलीकडून धूर दिसतो, केस दिसत नाहीत. दारातच उभी राहिली. बस म्हणाली नाही. मी वाटेत तोंडपाठ केलेलं सगळं विसरले. फक्त विनवणीचे शब्द आले, आपले जुनेच — घर हलवायचंय, हात कमी पडतात, तुझी जोडी घेऊन येशील का.

"केव्हा?"

"नऊ तारखेला."

"विचारलंस, तर येईन. विनवलेल्याला नाही म्हणत नाहीत." दार लोटता लोटता म्हणाली, "रेडिओला सांग, यंदा मोजायला काही नाही."

परत येताना भरती लागली. गुडघाभर पाण्यातून आले. चमच्यांचं सांगायचं राहिलं. राहिलं कसलं — जमलं नाही.

९ मार्च

घर चाललं!! खिडक्या काढलेल्या, चूल बाहेर, खाली ओंडके, आणि पुढे बारा जोड्या. माळाच्या चढावर एकदा अडलं. दोर करकरले, गुएन्तेओ शिव्या देऊ लागला. तेव्हा एदिता पुढे झाली. बैलांच्या कपाळाला कपाळ लावून म्हणाली, "चल राजा, चल सोन्या, आईचं घर आहे."

अकरा वर्षांनी तिचा तो मऊ आवाज ऐकला. बैलांशी.

संध्याकाळी खड्ड्यात तापल्या दगडांवर शिजलेलं कुरांतो उघडलं. शिंपल्या, मांस, बटाट्याचे मिल्काओ, सगळ्यांची झुंबड. तिच्यासाठी ताट वाढून दाराशी गेले, तर तिचे बैल ओहोटीत अर्ध्या वाटेवर पोचलेले. ताट गार होईपर्यंत उभी होते.

१५ मार्च

समारोप! रेनातोने फॉर्म आणला. "संबंधित व्यक्तींचे समाधान — एक ते पाच." "उरलेली कामे." दुसरा रकाना मी कोराच ठेवला. तो म्हणाला, कोरा चालत नाही, काही नसेल तर 'काही नाही' लिहा. मी म्हटलं, खोटं लिहू?

जाताना मात्र पठ्ठ्याने दारोदार जाऊन निरोप घेतला. दोन दिवस लागले.

२२ मार्च

शनिवार. रेडिओवर चमच्यांची गोष्ट परत सांगितली. या वेळी खरी. चमचे कुणाचे होते ते, आणि मला केव्हा कळलं तेही. नाव घेऊन — माझं. कुणीही हसलं नसावं. माझ्या दहा मिनिटांतली चारच मिनिटं भरली. उरलेल्या वेळात त्यांनी हवामान सांगितलं.

२९ मार्च

माळावरून खाडी पूर्ण दिसते. धूर रोज वेळेवर. बाकी काही नाही.

४ एप्रिल

सकाळी दारात एदिता. टोपी हातात. आत आली नाही. म्हणाली, "विनवायला आलेय. गुरुवारी बटाटे काढायचेत. हात कमी पडतात. येशील?"

तिचे बटाटे काढून आठवडा झाला. गुएन्तेओ स्वतः पोती उचलायला होता.

म्हटलं, "येते. किती वाजता?"