ह्यांच्या नावच्या फेऱ्या

१४ सप्टेंबर

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि. जन्मभर परिचारिका होतीस म्हणून तुलाच विचारते. ह्यांना वर्षात तिसऱ्यांदा छातीत कफ होऊन ताप आला. डॉक्टर म्हणाले, वय झालं की अंगातले रोगाशी लढणारे राखणदार थकतात, नवे फारसे भरती होत नाहीत. चौथा ताप झेपेलच असं नाही. थंडीच्या आत रोज चालायची सवय लावा.

आता ह्यांना कोण चालवणार? चौतीस वर्षं दारोदार टपाल वाटलेला माणूस. म्हणतात, माझ्या वाट्याचं चालणं मी कधीच उरकलं, उलट शिल्लकच निघेल. आणि खिडकीजवळची खुर्ची सोडत नाहीत. मला मात्र एका जागी बसवत नाही. दूध तापत ठेवते आणि खोकला ऐकायला दारात जाते. काल दोनदा उतू गेलं.

शेवटी मीच मार्ग काढला. रोज सकाळी जपमाळ घेऊन गच्चीवर फिरते. एक मणी, एक फेरी, अशा एकशे आठ. देवाला सांगते, ह्या ह्यांच्या नावावर लिही. एकाचा जप दुसऱ्याला लागतो, मग फेऱ्या का लागू नयेत? चुकत असेन तर कळव.

कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलंय म्हणून हसू नकोस. पाठ कोरीच वाया जाते.

देव तुला सांभाळो.
तुझी ताई

२० सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि. हसले, पण कॅलेंडरला नाही. पुण्य वाटून देता येत असेल, ते तुला ठाऊक. व्यायाम देता येत नाही. भावोजींना लस टोचली तर ती तुला लागेल का? ज्याचे स्नायू हलतात त्याचेच राखणदार जागे राहतात. त्या एकशे आठ फेऱ्या तुलाच लागल्या असणार.

भावोजींची शिल्लकही खोटी. हे पाणी रोज भरावं लागतं, गेल्या वर्षीचा हंडा आज कामाचा नाही. चालल्यानं ताप येणारच नाही, असं मी सांगणार नाही. आलेल्या तापाशी दोन हात करायला बळ राहतं, एवढंच. लसही विसरू नका.

माझ्या डोक्यात एक खोडी आहे. यापुढे माझी पत्रं घरी येणार नाहीत. भावोजींच्या नावानं तुमच्या टपाल कचेरीत येतील. ज्याचं नाव त्यानंच सही करून न्यायचं, सात दिवसांत नेलं नाही तर पत्र माघारी. हे त्यांना एकदा सांग आणि मग गप्प बस. जड जाईल तुला. जप कर.

आहे तसा लोभ असू दे.
तुझी चिमणी

५ ऑक्टोबर

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि. पहिले तीन दिवस हे म्हणत होते, तुझ्या बहिणीला उद्योग नाही. चौथ्या दिवशी विचारलं, ते पत्र येऊन किती दिवस झाले? मी गप्प. तोंडात मणी धरावा असं वाटत होतं. सहाव्या सकाळी हे पलंगाखाली जोडे शोधू लागले. म्हणाले, “माझ्याच नावचं पत्र माघारी गेलं, तर मी चौतीस वर्षं केलं काय?”

कचेरी चारशे पावलांवर. कोपऱ्यापर्यंतच तीनदा थांबले. मी खिडकीत माळ धरून उभी, पण एक मणी पुढे सरकेना. पाऊण तासानं आले. धाप लागलेली, पण पाकीट झेंड्यासारखं वर. आणि आत तुझी एकच ओळ, की उद्या आणखी एक येतंय. तुला जे काय बोलले ते देवघर जवळ असल्यानं लिहीत नाही.

जोडे मात्र दाराशीच काढून ठेवलेत.

तुझं भलं होवो.
ताई

२८ जानेवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि. ज्याची धास्ती होती तो चौथा ताप आला. रात्रंदिवस ह्यांच्या श्वासाकडे कान. पण पाचव्या दिवशी ताप उतरला, छातीत गेलाच नाही. डॉक्टर म्हणाले, लस होती, चालणं होतं, कशानं किती निभावलं ते सांगता येत नाही, दोन्ही सोडू नका. मी म्हटलं, देवही होता. म्हणाले, मग त्यालाही सोडू नका.

टपालपेटीपर्यंत जाताना दम लागतो म्हणून तू रोजचं पत्र बंद करतेस, हे तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. काल तर कचेरीला सुट्टी, तरी जोडे घातले. कुठे म्हणून विचारलं, तर म्हणाले, “दार नीट बंद आहे ना, ते बघून येतो.” मी माळ घरी ठेवली आणि मागोमाग निघाले. ह्यांनी कचेरीचं कुलूप ओढून पाहिलं आणि मान डोलावून परत फिरले.

तेव्हा आमच्यासाठी लिहायची आता गरज नाही. पण तुला दम का लागतो? मी जन्मभर वॉर्डात चालले, असलं काही सांगू नकोस. ते ह्या घरात ऐकून झालंय. तुझ्या नावानं मी फेऱ्या घालणार नाही, त्या लागत नाहीत असं तूच लिहिलंस.

ह्याचं उत्तर म्हणून रोज एक ओळ धाड. आणि पेटीत स्वतः जाऊन टाक.

वाट बघणारी,
ताई