खिंडीखालची डहाळी

मास्तर, तुमचा फोटो काल शाळेत आला. चिपळूणहून मोठा करून, काचेत बसवून आणलाय. उद्या शाळेच्या पन्नाशीच्या समारंभात तो हॉलमध्ये लागणार आणि तुमच्याबद्दल मी बोलायचं आहे, कारण तुमच्या हाताखाली शिकून तुमच्याच शाळेत मास्तर झालेला असा आता मी एकटाच उरलोय. हेडमास्तरांनी विषयही सुचवला, ‘सत्याची चाड असलेला शिक्षक’. ते ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणून भाषणासाठी घेतलेल्या कागदांवर दुपारपासून तुम्हालाच लिहीत बसलोय. तुम्हाला जाऊन सत्तावीस वर्षं झाली. उलट उत्तर द्यायची तुमची सोय नाही, पण त्या दिवशी माझी तरी कुठे होती?

तुम्ही डोंगरमंडळ काढलंत तेव्हा गाव हसलं होतं. लाकडं आणायला, चुकलेली गुरं शोधायला डोंगरात जाणारी माणसं आम्ही. रविवारी उगीच चढून जायचं आणि रिकाम्या हाताने खाली यायचं, हे कोणाच्या पचनी पडेना. मी तेव्हा बावीस वर्षांचा, तुमच्या शाळेत नुकता चिकटलेला. बाजारपेठेतला शिंपी माझा लहानपणापासूनचा दोस्त, त्याला मीच ओढून आणला. पोस्टातला कारकून, दाभोळकडून येऊन सुक्या मासळीचं दुकान घातलेले एक चाचा, आणखी दोघेतिघे. सकाळी कोंबडं आरवायला निघायचं, अलोऱ्याच्या अंगाने घाटाखालच्या डोंगरांत शिरायचं आणि दिवेलागणीला घरी. चैत्रात कातळ असा तापायचा की वहाणेतून चटका बसे, आणि करवंदांच्या जाळीपाशी तुमची शिस्त पार कोलमडे. श्रावणात जळवा. आश्विनात वरचा सगळा सडा, कातळाचा तो माळ, पिवळ्या फुलांनी भरलेला, आणि पौषात खिंडीत धुकं इतकं दाट की पुढच्याची पाठ दिसत नसे. पहिल्याच फेरीला तुम्ही एक धोतर अंथरलंत आणि सगळ्यांच्या भाकऱ्या त्यावर एकत्र ओतायला लावल्यात. कोणाची कोणती हे ओळखू येऊ नये म्हणून वर मिसळल्यातसुद्धा. मिठाच्या सत्याग्रहाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा. गावात त्यावरून केवढा गहजब झाला! तुम्ही तसूभर हलला नाहीत. मला तेव्हा वाटलं होतं, की माणूस असावा तर असा.

शनिवारी संध्याकाळी मी तुमच्याकडे यायचो. काकू चुलीपुढे बसून तांदळाच्या भाकऱ्या थापत, पाट्यावर लसणीची चटणी वाटलेली असे, आणि पावसाळ्यात हळदीच्या पानात वाफवलेले पातोळे. मला पाटावर बसवून पहिला पातोळा त्या माझ्या हातावर ठेवत. तुम्ही ओटीवरून ओरडायचात, “उद्याचं आज संपवू नका!” आणि काकू हळूच म्हणायच्या, “खा रे तू. ह्यांचं लक्ष सगळं डोंगराकडे.” माझी आई मी आठ वर्षांचा असताना गेली हे त्या कधी बोलून दाखवत नसत. हे इथे लिहितोय कारण पुढे त्याचा संबंध आहे.

आपण चालताना दोन तुकड्या पडायच्या. तुम्ही आणि मी पुढे, बाकीचे रमतगमत मागे. वाट फुटेल तिथे चुकीच्या वाटेच्या तोंडाशी हातभर लांबीची हिरवी डहाळी आडवी टाकायची, म्हणजे मागच्यांनी समजायचं, ही वाट बंद. हे काम तुम्ही माझ्याकडे दिलं होतंत. साधं काम, पण मला त्याचा अभिमान होता.

आणि खिंडीखाली तो देव होता. देव म्हणजे शेंदूरही नसलेला एक धोंडा. त्याच्यापुढे येणारा-जाणारा झाडाचा पाला वाहतो, घरच्यासाठी काही मागतो आणि पुढे जातो. वर्षानुवर्षांच्या पाल्याचा ढीग साचलेला. तिथेच वाट फुटते. डावी खिंडीत चढते, देव तिच्याच तोंडाशी. उजवी सरळ, सोपी दिसते, ती ओढ्याच्या कड्यावर नेते. पहिल्या वर्षी शिंप्याने सवयीने तिथे पानं वाहिली, तर तुम्ही त्याला सगळ्यांसमोर फैलावर घेतलंत. “धोंड्याला पाला कशाला घालतोस? बकरीला घाल, दूध तरी देईल.” सगळे हसले, शिंपीही हसला. मग तुम्ही मंडळाचा नियमच केलात: ह्या देवापुढे आपल्यातल्या कोणीही पाला ठेवायचा नाही. देवाचा पाला आणि आपली खूण यांत गोंधळ झाला तर मागचा माणूस भलतीकडे जाईल. नियम तुमचा होता, मास्तर. कारणही तुम्हीच समजावून सांगितलं होतंत. म्हणून माझा राग जास्त आहे. अडाण्याने चूक केली असती तर मी केव्हाच सोडून दिली असती.

तो भाद्रपद होता. गौरी-गणपती नुकतेच गेले होते. काकू विषमज्वराने एकवीस दिवस अंथरुणावर होत्या. चिपळूणच्या डॉक्टरांनी दोनदा येऊन मान हलवली होती. तुम्ही फेरी रद्द करणार होतात, पण काकूच म्हणाल्या, “जाऊन या. असे समोर बसून बघत राहिलात तर मी बरी व्हायची नाही.” वाटभर तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. खिंडीखाली पोचलो तेव्हा मी डहाळी तोडायला हात वर केला, तर तुम्ही म्हणालात, “तू हो पुढे. मी टाकतो.” आजवर कधी असं झालं नव्हतं. मी डावीकडे चढू लागलो आणि वळणावरून मागे पाहिलं. तुम्ही धोंड्यापुढे उभे होतात. टोपी काढलेली, डोळे मिटलेले, हात जोडलेले. आणि पायाशी, हाताच्या सवयीने तोडलेली ती हातभर डहाळी, आपली खुणेची असते तशीच, देवापुढे आडवी. म्हणजे डाव्या वाटेच्या तोंडाशी आडवी.

मला हसू आलं नाही. काकूंसाठी तुम्ही धोंड्यापुढे वाकलात, यात मला काही गैर वाटलं नाही, आजही वाटत नाही. तुम्हाला तेवढं माणूसपण मी कधीच दिलं असतं. तुम्हीच ते घेतलं नाहीत.

मागच्यांनी डावी वाट बंद पाहिली, पावसाने वर दरड कोसळली असेल असं धरलं आणि ते उजवीकडे गेले. शिंपी सगळ्यांत पुढे होता. शेवाळलेल्या कातळावरून तो घसरला आणि तीन पुरुष खाली ओढ्यात पडला. आपण खिंडीत तासभर वाट पाहिली, मग हाका ऐकू आल्या. धनगरांनी घोंगडी बांबूला बांधून त्याला वर काढला. त्यातला म्हातारा धनगर पुन्हापुन्हा म्हणत होता, “ती वाट ढोरांची हाय. ढोरंबी पावसात जात न्हाईत. तुमी शिकल्यालं लोक कशे काय गेलात?” तुम्ही ऐकून घेतलंत. उतरताना देवापाशी आलो, तेव्हा ती डहाळी तिथेच पडली होती. तुम्ही ती ओलांडून गेलात.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तुम्ही मंडळाच्या सगळ्यांना पडवीत बोलावलंत. शिंपीही होता. त्याला बाजेवर घालून आणलं होतं, कारण त्याचा पाय हाडवैद्याने बांधला होता आणि त्याला काय ते ऐकायचं होतं. तुम्ही विचारलंत, “डहाळी टाकायचं काम कोणाचं?” मी म्हटलं, “माझं.” आणि तुमच्याकडे पाहिलं. मास्तर, मी इतक्या विश्वासाने पाहिलं होतं. वाटलं, आता तुम्ही बोलाल. तुम्ही चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला आणि म्हणालात, “ज्याला धोंड्यापुढे पाला वाहायची हौस असेल, त्याने या मंडळात येऊ नये.” बस, एवढंच. माझं नाव घेतलं नाहीत. खोटं बोलला नाहीत, नाही का? नाव न घेता माणूस कसा मारावा हे तुमच्याकडून शिकावं. तुमच्यासारखा व्याकरणाचा पक्का माणूस, शब्द तोलून वापरलेत अगदी! शिंप्याने बाजेवरून माझा हात धरला. “तूच ठेवलास पाला? खरं बोल, मी कुणाला सांगायचो नाय.” मी गप्प राहिलो. तो म्हणाला, “आरे, नुसतं हो म्हण. मी काय मारतोय तुला?” मग त्याने हात सोडला.

काकू बऱ्या झाल्या. अजून नऊ वर्षं जगल्या. तुमची बदली होईपर्यंत मला पातोळे देतच राहिल्या आणि मी खातच राहिलो. प्रत्येक पातोळ्याला वाटायचं, आत जाऊन सांगावं, की तुमच्या जिवासाठी ह्यांनी काय वाहिलं आणि कोणाच्या पायावर. पण त्या बाईचं काय चुकलं होतं?

शिंप्याचा गुडघा पुन्हा वाकला नाही. पायाने मशीन चालवणाऱ्याचा गुडघा! दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः जाऊन चिपळूणहून त्याच्यासाठी हाताने फिरवायचं मशीन आणलंत. गावाने तुम्हाला डोक्यावर घेतलं. तेव्हापासून तो शिवतो आणि त्याची बायको शेजारी बसून चाक फिरवते, तिचा उजवा खांदा खाली आलाय. तुमची रत्नागिरीला बदली झाली तेव्हा निघताना तुम्ही मला तुमची डोंगरातली वेताची काठी दिलीत. “सांभाळून चाल,” म्हणालात. मी काय समजायचं त्यातून? त्याला मशीन, मला काठी. एक वाक्य मात्र तुमच्याकडून कोणाला मिळालं नाही. मिठाची गुळणी धरून मांडवीला जाऊन राहिलात, समुद्रावर फिरलात आणि तिथेच गेलात. ती काठी माझ्या दाराआड आहे. तिने आम्ही कोंबड्या हाकतो. मुद्दाम हाकतो.

शिंपी माझ्याशी भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त माझे कपडे शिवायचं सोडलं. माझ्या लग्नाचा कोट शिवून घ्यायला गेलो तर म्हणाला, “माप घ्यायला मला आता उठबस होत नाय. दुसरीकडं बघ.” माझ्यासमोर त्याने तलाठ्याचं माप घेतलं. दुकान माझ्या घरापासून चार घरं पलीकडे आहे. तेहतीस वर्षं मी त्यावरून शाळेत जातोय आणि तो मान न उचलता टाके बघत असतो.

काल मात्र त्याने मला हाक मारली. तुमच्या फोटोवरचा पडदा त्याच्याकडे शिवायला दिलाय, भगवा, कडेला जरीची पट्टी. तो मांडीवर पसरून म्हणाला, “परवा तू बोलणार म्हणतात. नीट बोल हां. मास्तर देवमाणूस होता. माझा कोण लागत नव्हता, तरी मशीन दिलान.” मग माझ्याकडे न बघता, “तुझ्याबद्दल मला आता राग नाय. झालं ते झालं. तू पाला वाहिलास तो काकूंसाठीच ना? त्या आजारी होत्या तेव्हा. मला मागाहून सुचलं ते.” त्याची बायको चाक फिरवायची थांबली होती. ऐकलंत का, मास्तर? तेहतीस वर्षांनी माझ्या दोस्ताने मला माफ केलं, तुमच्या चुकीबद्दल. तुमचा देव्हारा शिवता शिवता! मी तिथून उठून आलो तो ह्याच निश्चयाने, की उद्या हॉलमध्ये पडदा सरकला की सगळं सांगायचं. टोपी, मिटलेले डोळे, डहाळी, चष्मा, सगळं.

पण इथवर लिहून माझा हात थांबलाय. सांगितलं तर शिंपी समोरच्या बाकावर असणार, आणि तो एकच प्रश्न विचारणार. “तू वळणावरून बघत होतास ना? मग उजव्या वाटेवर डहाळी नाय, हे दिसलं नाय तुला?”

दिसलं होतं, मास्तर. अगदी स्वच्छ दिसलं होतं. वीस पावलं खाली उतरून एक फांदी तोडली असती, ती उजवीकडे टाकली असती आणि देवापुढची जरा सरकवली असती, तर झालं असतं. मी एक पाऊल उतरलोही होतो. मग वाटलं, मला पाहिलंत तर तुम्हाला शरम वाटेल. मी परत फिरलो आणि चढत राहिलो. काकूंसाठी गप्प राहिलो, तुमच्या अब्रूसाठी गप्प राहिलो, असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आलो. पण पडवीत शिंप्याने हात धरला तेव्हा मी ह्या न उतरलेल्या वीस पावलांसाठी गप्प होतो.

तुमच्यावरचा माझा राग कमी झालेला नाही, होणारही नाही. तरी उद्या मी तुमच्याबद्दल चांगलंच बोलणार आहे. भाकऱ्यांचं धोतर सांगीन, पिवळी फुलं सांगीन. हे कागद घडी करून ट्रंकेत तळाशी ठेवतोय. चार घरं पलीकडे न्यायचे होते, पण तेवढं चालायचं धैर्य मला अजून झालेलं नाही.